केली की करीन

माझी थोरली लेक ताराबाई जन्मली त्या साली, म्हणजे एकोणीसशे अडुसष्टच्या माघात, एका शुक्रवारी भर दुपारी नाईक केरबा शेलार छावणीतल्या उघड्या नळाखाली वर्दीसकट बसला आणि त्यानं डोक्यावरून पाणी सोडून दिलं.

डोंगरातली छावणी ती. सकाळी त्या नळाला बर्फाच्या काड्या लोंबायच्या. दुपारीसुद्धा पाण्यात हात घातला की बोटं आपली राहायची नाहीत. जनरल साहेबांची तपासणी तासाभरापूर्वी आटोपली होती, सगळी कंपनी जेवायला लंगरकडं पळाली होती, आणि मी ऑफिसासमोरची सतरंजी गुंडाळत होतो.

"अहो दादा, मरायचंय का?" मी ओरडलो.

तो तसाच उठला. पाणी निथळत, बुटांतून पचक पचक आवाज करत ऑफिसच्या पायऱ्या चढला. वर व्हरांड्यात आमचे सुभेदार रंगराव जाचक उभे होते. वीस वर्षांच्या नोकरीचा माणूस, अंगावर इस्त्रीची घडी मोडलेली कधी कुणी पाहिली नव्हती. केरबा त्यांच्यापुढं हातभर अंतरावर उभा राहिला. सलाम नाही, काही नाही. दात वाजत होते, पण आवाज कापत नव्हता.

"आईच्या नावानं आंघोळ केली," तो म्हणाला. "सुभेदार साहेब, तुमच्याही नावानं..."

आणि पुढं एक शब्द बोलला. एकच. त्या एका शब्दावर पुढं तीन महिने कागद काळे झाले, म्हणून तो शब्द मी एवढ्यात सांगत नाही. जागच्या जागी येईल.

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. "गार्ड!" ते गरजले. दोन शिपाई धावत आले आणि केरबाला क्वार्टर गार्डात, पलटणीच्या कोठडीत, घेऊन गेले. व्हरांड्यात त्याच्या बुटांचे ओले ठसे राहिले आणि दोन तारा पडल्या होत्या. एक सोमवारची, आई अत्यवस्थ असल्याची. दुसरी शुक्रवारची, आई गेल्याची. दोन्ही त्याच्या हातात एकदमच पडल्या होत्या.

सोमवारची तार शुक्रवारपर्यंत कुठं होती, हे मला ठाऊक होतं. सुभेदारांच्या डाव्या खिशात. तपासणीच्या कवायतीत केरबा उजवा मार्गदर्शक होता, त्याच्यावर सगळी रांग चालायची. तो गेला असता तर रांग वाकडी झाली असती.

संध्याकाळ व्हायच्या आत कारकून हवालदार तिवारींनी मला बोलावलं. तिवारी उत्तरेकडचे. व्हरांड्याच्या आतच बसले होते ते, त्यांनी ऐकलं होतं सगळं, पण मराठीतलं ओ की ठो कळलं नव्हतं.

"काळेल, तूने क्या सुना, हिंदी में बोल."

मी भागोजी काळेल. पलटणीत येण्याआधी दोन वर्षं मामाबरोबर मुंबईच्या गोदीत ओझी वाहिलेली, त्यामुळं हिंदी माझी गोदीची. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. मग त्यांनी दौत पुढं केली, अंगठ्यासाठी.

"अंगठा नको," मी म्हणालो. "सही करतो."

पलटणीच्या शाळेत आठच दिवसांपूर्वी मी स्वतःचं नाव लिहायला शिकलो होतो. जिभेचं टोक बाहेर काढून सही ठोकली. भा-गो-जी. काळेलमधला ळ जरा पोट सुटल्यासारखा झाला, पण झाला. इतका आनंद झाला होता मला, की हा कागद कशासाठी आहे हे विचारायचं सुचलंच नाही.

चौथ्या दिवशी कळलं. केरबाचं कोर्ट मार्शल होणार. आरोप एकच: वरिष्ठाला धमकी. आणि सरकारचा मुख्य साक्षीदार कोण, तर मी! माझ्या सहीच्या कागदावर लिहिलं होतं, "तुम्हारे नाम से भी नहाऊँगा, ऐसा बोला."

"नहाऊँगा म्हणजे करीन," शाळेच्या मास्तरांनी मला समजावलं. "म्हणजे तू मरशील आणि मी तुझ्या सुतकाची आंघोळ करीन. ही जिवे मारण्याची धमकी झाली. धमकी ठरली तर शेलार बडतर्फ, वर तुरुंग. चौदा वर्षांची नोकरी पाण्यात."

"आणि केली असेल तर?"

"केली असेल तर मग ती शिवी. तुम्ही मला मेलात, एवढंच. आपल्याकडं बाया कुटाळ दिराला म्हणतातच की, तुझ्या नावानं आंघोळ केली म्हणून. त्यानं कुणी मरत नाही."

केरबा दादा माझ्या खोऱ्यातला, आमच्या वाडीपासून दोन डोंगर पलीकडचा. भरतीच्या पहिल्या महिन्यात मला बूट चावले तेव्हा स्वतःचे पायमोजे फाडून त्यानं माझ्या टाचेला बांधले होते. आणि मी त्याच्या गळ्यात सही घातली होती.

त्या दिवसापासून मी शाळेत असा काही बसलो की मास्तरही चकित झाले. दोन महिन्यांत तिसरीची परीक्षा पास. कंपनीच्या फळ्यावर नाव लागलं: काळेल, पास, लान्सनायकाच्या फितीसाठी शिफारस.

खटल्याच्या दोन दिवस आधी केरबाच्या बाजूचे साहेब मला भेटायला आले. कॅप्टन परेरा. माहीममध्ये वाढलेले, बारीक, सारखे चष्मा पुसणारे.

"काळेल, उस दिन क्या हुआ, शुरू से बोलो."

"साब, वो नाईक नल के नीचे बैठेला. पानी एकदम थंडा. मैं बोला, मरेगा क्या! तो वो उठेला, और..."

साहेबांचा चष्मा पुसायचा हात थांबला. "तू हमेशा ऐसे ही बोलता है? बैठेला? उठेला?"

"हां साब. गोदी में सब ऐसे ही बोलते."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हसले आणि उठले. "कोर्ट में भी ऐसे ही बोलना. जैसा मुँह में आए." एवढंच. मला त्यांनी काही पढवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण ते गेल्यावर मी जो बसलो, तो जेवणाची शिट्टी झाली तरी उठलो नाही. डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं.

कोर्ट भरलं ते आमच्या शाळेच्याच खोलीत. दुसरी एवढी मोठी खोली नव्हती. लांब टेबलावर हिरवं कापड, मागं पाच साहेब, मधोमध पांढऱ्या कल्ल्यांचे कर्नल. कडेला कायदा सांगणारे मेजर, पुढ्यात जाड पुस्तक. आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, आमचा अक्षरांचा तक्ता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

केरबा उभा होता, टोपी नाही, पट्टा नाही. आईसाठी काढलेली मिशी अजून पुरती आली नव्हती.

सुभेदारांची साक्ष माझ्याआधी झाली. ती मी बाहेर बाकावर बसून काढली. दारातला शिपाई हळूच म्हणाला, "जाचक साहेबांनी दगडावरची रेघ मारली. धमकीच दिली म्हणाले." मग माझ्या नावाचा पुकारा झाला. पाय आपोआप आत गेले. शपथ घेतली.

सरकारी बाजूच्या कॅप्टन साहेबांनी माझाच कागद हलवला. "इस पे तुम्हारा दस्तखत है?"

"है साब."

"इसमें लिखा है, नहाऊँगा. यही बोला था ना तुम?"

"नहीं साब. मैं बोला, नहायेला."

"नहाएगा?"

"नहाएगा नहीं साब, नहायेला! गयेला, मरेला, नहायेला! हो गयेला काम!"

कोपऱ्यातला एक साहेब खो खो हसला. कर्नलनी त्याच्याकडं पाहिलं, तो गप्प झाला. परेरा साहेब झटकन उठले. इंग्रजीत बोलले, पण मधे मधे 'येला', 'येला' मला ऐकू येत होतं, आणि मेजर साहेब लिहून घेत होते. मग तिवारींना विचारलं. तिवारी घामाघूम. "हुज़ूर, ये लोग ऐसी हिंदी बोलते हैं कि भगवान भी न समझे. मैंने जो समझा, साफ़ करके लिख दिया."

सरकारी कॅप्टन मात्र हुशार. ते माझ्या जवळ आले, अगदी हळू बोलले. "काळेल, कागज़ पढ़ के दस्तखत किया था?"

"पढ़ना नहीं आता साब. सिर्फ नाम लिखता."

"झूठ!" त्यांनी दुसरा कागद काढला. "पिछले महीने तीसरी पास किया. तुमको फीता मिलने वाला है!"

मागच्या बाकावर मास्तर बसले होते. त्यांची नजर माझ्या मानेवर गरम लागत होती.

"पास किया साब. पाठ बोल के. किताब सामने रखते, मैं मुँह से पाठ बोलता. किताब उलटा रखो तो भी बोलता."

"अच्छा?" कॅप्टन साहेब वळले आणि छडीनं भिंतीवरच्या तक्त्यावर एक अक्षर दाखवलं. त्याच्या शेजारी भोवऱ्याचं चित्र होतं. "ये कौन सा अक्षर है?"

लट्टूचा ल होता तो. हिंदी तक्ता, हिंदी चित्र. मी चित्राकडं पाहिलं, अक्षराकडं पाहिलं.

"भ, साब," मी म्हणालो. "भोवऱ्याचा भ."

आधी कुणाला कळलंच नाही. परेरा साहेबांनी कर्नलना सांगितलं, की मराठीत लट्टूला भोवरा म्हणतात. मग पाचही साहेब हसले, कर्नलसुद्धा. एकटे मास्तर हसले नाहीत. फळ्यावरचं माझं नाव त्याच दिवशी पुसलं गेलं, फीत गेली ती गेलीच. मास्तर पुढं सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत.

मला मागं बसायला सांगितलं. वाटलं, सुटलो! पण कर्नल अजून समाधानी नव्हते. त्यांनी मेजर साहेबांशी कानगोष्ट केली आणि म्हणाले, "सुभेदार साब को दुबारा बुलाओ."

सगळं केलेलं आता मातीला मिळणार होतं. सुभेदार मराठी माणूस, त्यांना ना गोदीची हिंदी लागू, ना तिवारींचा कान.

ते आले. तशीच कडक घडी. कर्नल म्हणाले, "सुभेदार साब, तर्जुमा नहीं. जो लफ़्ज़ शेलार ने बोला, वही लफ़्ज़, अपनी मराठी में, बोलिए."



परेरा साहेब उभे राहिले. "एक सवाल, सर. सुभेदार साब, पहली तार किस दिन आई?"

"सोमवारी," सुभेदार मराठीतच म्हणाले. मग सावरून, "सोमवार को."

"और दी किस दिन?"

"शुक्रवार."

"चार दिन कहाँ थी?"

सरकारी कॅप्टन हरकत घ्यायला उठले, पण सुभेदारांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. त्यांचा हात आपोआप डाव्या खिशाकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. ते केरबाच्या तोंडाकडं पाहत होते, त्या अर्धवट मिशीकडं.

"मेरे पास," ते म्हणाले.

"अब वो लफ़्ज़," कर्नल म्हणाले.

"तुमच्याही नावानं केली," सुभेदार म्हणाले. आवाज स्वच्छ, परेडवरचा. "केली, म्हणाला. म्हणजे, मी त्याला मेलो."

केरबानं मान वर केली. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मी खाली बघत बसलो, कारण माझंही उघडंच राहिलं होतं.

मग मेजर साहेबांनी पुस्तक उघडलं आणि बराच वेळ इंग्रजीत बोलले. परेरा साहेब केरबाला हिंदीत थोडक्यात सांगत होते, तेच मलाही ऐकू आलं. वरिष्ठाला धमकी दिल्याचा आरोप असेल, आणि धमकी सिद्ध होत नसेल, पण बोलणं बेअदबीचं होतं हे सिद्ध होत असेल, तर कोर्टाला त्या कमी गुन्ह्याखाली दोषी धरता येतं. त्यासाठी नवा आरोप ठेवावा लागत नाही. मोठ्या गुन्ह्याच्या पोटात धाकटा असतोच.

आम्हाला बाहेर काढलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शाळेच्या भिंतीला पाठ लावून मी उभा, शेजारी मास्तर, तोंड फिरवून. पलीकडं सुभेदार एकटेच, हात मागं बांधून, येरझाऱ्या घालत. दार उघडलं तेव्हा मी पहिला आत घुसलो. कर्नलनी निकाल वाचला:

"धमकीच्या आरोपातून मुक्त. बेअदबीच्या बोलण्याबद्दल दोषी."

दोन्ही फिती उतरवायच्या आणि तीन महिने कैद, तीही पलटणीतच. नोकरी राहिली! वरून मंजुरी यायची होती ती महिन्याभरात आली. परेरा साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायचा विसरून तसाच खिशात घातला.

बाहेर सगळ्यांनी केरबाला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. लंगरवाल्यानं तर ओरडून सांगितलं, "शेलार दादा, आता तरी कोमट पाण्यानं आंघोळ करा!" हसता हसता आमची पोटं दुखली. केरबा हसला नाही. गर्दीतून त्यानं माझा दंड धरला.

"भागू, तू काय ऐकलं होतंस त्या दिवशी?"

"कोर्टात सांगितलं ते."

"आणि त्यांनी?"

"त्यांनीही कोर्टात सांगितलं तेच."

त्यानं माझा दंड सोडला. मग गार्ड त्याला घेऊन गेले.

आता खरं सांगतो. केरबा "करीन" म्हणाला होता. तुमच्याही नावानं करीन. मी सतरंजी गुंडाळत होतो, दहा पावलांवर, स्वच्छ ऐकलं. त्या घटकेला त्याच्या डोळ्यांत जे होतं ते शिवी देणाऱ्याच्या डोळ्यांत नसतं. तिवारींनी लिहिलं तेही बरोबर होतं, कारण मी त्यांना "नहायेगा" असंच सांगितलं होतं. आणि लट्टूचा ल मला रात्रीच्या चांदणीसारखा दिसत होता. शपथेवर मी दोनदा खोटं बोललो. पण मी केरबासाठी बोललो. जाचक साहेब कुणासाठी बोलले, आणि त्यांना ते किती जड गेलं, हे त्या खोलीत तिघांनाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. मी सलाम ठोकला आणि सवयीनं नजर ठळक मथळ्यावर गेली. ओठ हलले असावेत.

"काळेल!"

"जी साहेब!"

"नजर वर." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तू या पलटणीत आहेस तोवर तुला वाचता येत नाही. कळलं का?"

"होय साहेब."

"आणि त्या दिवशी मला आधी नीट ऐकू आलं नव्हतं. तेही कळलं?"

"कळलं साहेब."

"मग जा. आणि शेलारला क्वार्टर गार्डात जेवण वेळेवर जातंय का बघ. त्याला गार लागता कामा नये."

मी बारा वर्षं आणखी नोकरी केली आणि बारा वर्षं निरक्षर राहिलो. बायकोची पत्रं यायची, ती मी आडोशाला एकदा वाचायचो आणि मग कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायचो. ताराबाईला दात आला, ताराबाई चालायला लागली, हे मला प्रत्येक वेळी दोनदा कळायचं आणि दोन्ही वेळा नवल वाटल्यासारखं करावं लागायचं. पेन्शनीत आल्यावर गावच्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो आणि अ आ इ ई पहिल्यापासून गिरवलं. लोक म्हणाले, काळेल फौजीची अक्कल तल्लख, आठ दिवसांत वाचायला लागला!

केरबा दोन वर्षांनी पुन्हा नाईक झाला आणि हवालदार होऊन घरी आला. सुभेदारांचं आणि त्याचं या विषयावर कधी बोलणं झालं नाही. निदान माझ्या कानावर आलं नाही. मीही दोघांपुढं कधी काढलं नाही, ते हयात होते तोवर कागदावर उतरवणं शक्यच नव्हतं.

सुभेदार रंगराव जाचक एकोणीसशे त्र्याण्णवच्या चैत्रात, आपल्या गावी, अर्धांगवायूनं वारले. केरबा शेलार गेल्या वर्षी, भाद्रपद वद्य सप्तमीला, सकाळी सातच्या सुमारास झोपेतच गेला.